स्लॅबवर

जिना बांधायचा राहिला तो राहिलाच.
लोखंडी शिडीनं चढते मी, सातवी पायरी गाळून.
ती तुटलीय हे आता पायालाच ठाऊक,
मला वेगळं आठवावं लागत नाही.

वर काही नाही. म्हणजे
पाण्याची काळी टाकी, तिच्या पोटाला अजून दुपारचा चटका,
पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळ्या
आणि सळ्यांवर पालथ्या घातलेल्या बाटल्या.
पुढचा मजला धाकट्या दिराच्या गलाईवर होणार होता.
तो कोइमतूरला सोनं वितळवतो,
दिवाळीला येतो, सळ्या हलवून बघतो,
"चांगल्या हायत की अजून," म्हणतो,
आणि जातो.

खाली आठ माग.
माहेर विटा, सासरही विटा,
त्यामुळे खटखट हा आवाज असतो
हे मला आजोळी आटपाडीला कळलं,
पहिल्या रात्री झोपच येईना तेव्हा.
डावा कान चौदा वर्षांपूर्वी मागाला दिला.
उजवा वाऱ्याकडं करून बसते.

अकराच्या पुढंमागं लाईट जाते.
आधी शाळेमागची गल्ली, मग आमची.
धोटा थांबतो कापडाच्या ऐन मधे.
शांतता लगेच येत नाही,
कान थोडा वेळ रिकामेच खटखटत राहतात,
एस्टीतून उतरल्यावर अंगात हादरा राहतो तसे.
मग एक कुत्रं.
मग कुणाच्या तरी पाळण्याची कडी.
मग फार लांब, रेणावीच्या घाटात,
ट्रकनं बदललेला गिअर.

स्लॅब ऊबदार,
शेवटची भाकरी उतरल्यानंतरच्या तव्यासारखा.
चांदण्यांची नावं मला येत नाहीत.
सप्तर्षी शाळेत दाखवलेले, तेवढेच.
बाकीचे मला ताण्याचे तुटलेले दोरे वाटतात,
गाठ मारायचे राहिलेले.
इतके तुटलेत
आणि मला कुणी हाक मारत नाही.

शेजारच्या स्लॅबवर रंगनाथ चोथे.
दोन घरांमधल्या दीड फुटी बोळासाठी
आमचा दावा अकरा वर्षं चालूय.
तारखेला एकाच बाकावर बसतो, मधे पिशवी ठेवून.
खाली रस्त्यात नजर देत नाही.
वर अंधारात चेहराच नसतो,
म्हणून तो प्रश्न येत नाही.
त्यांच्या बिडीचं टोक तेवढं दिसतं.
पठारावरच्या पवनचक्क्यांचे लाल दिवे
सगळे एकदम लागतात, एकदम विझतात;
हा एकटा आपल्या दमानं.

मागच्या चैत्रात एकदा फार खोकले.
मी तांब्या कठड्यावर ठेवला
(कठडा कुणाचा, तेही दाव्यात आहे)
आणि टाकीच्या आड जाऊन बसले.
सकाळी तांब्या तिथंच होता,
घासलेला, पालथा.
वकिलाला मी हे सांगितलेलं नाही.

जाऊबाई विचारतात, वर काय करतीस गं?
वाळवण बघते, म्हणते.
रात्री?
मग दोघीही गप्प.
खरं सांगायचं तर काय सांगायचं,
की काही करत नाही म्हणून जाते?
की तिथं माझ्या हाताला काही लागत नाही,
ना दोरा, ना कणीक, ना कुणाचं कपाळ?

सव्वाबाराला पोरं ओरडतात, आलीऽऽ.
दिवे गल्लीगल्लीनं धावत येतात.
कानाआधी तळव्यांना कळतं,
स्लॅब बारीक थरथरू लागतो.
खालून नेताजीची हाक,
"काकी, तीन नंबरचा ताणा तुटलाय!"

तिकडं बिडी विझली.
शिडी मात्र वाजली नाही.
मीही टाकीला पाठ लावते.
"आले रे," म्हणते,
आणि उठत नाही.